आजीला विचारलंत का?

नमस्कार श्रोतेहो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बायॉप्सीत कॅन्सर निघाला, की बहुतेक घरांत पहिलं ठरतं ते हे, की आजीला सांगायचं नाही. मग मुलं, जावई, पुण्याचे पाहुणे बसतात. ऑपरेशन करायचं का, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला दाखवायचं की मुंबईला टाटाला न्यायचं? आणि जिचं दुखणं, ती आतल्या खोलीत.

माझ्या आजीला मिश्रीची सवय होती. गालाच्या आतली जखम भरेना. डॉक्टर काकांशी बोलत होते, आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "सायेब, मला भाकर खाता यील का?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. जबड्याचा भाग काढला तर काही दिवस नाकातून नळी, पुढेही मऊच जेवण, हे सांगितलं. नुसत्या रेडिएशनने रोग मुळासकट जाईल असं नाही, पण त्रास आटोक्यात राहील. मात्र मध्ये तोंड सोलून निघेल, हेही सांगितलं. आजीने रात्रभर विचार केला आणि रेडिएशन घेतलं. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी नेमकं उलटं ठरवलं. ते ऑपरेशनला तयार झाले, तेही त्यांच्याच मर्जीने.

"आता या वयात कशाला?" असं परस्पर ठरवणं मला पटत नाही. ऐंशीचा माणूस हिंडता-फिरता असेल, हृदय-किडनी ठीक असेल, तर त्याला इलाज झेपू शकतो. साठीचा खंगलेला माणूस कोलमडू शकतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हा इलाज रोग बरा करण्यासाठी, की त्रास कमी करण्यासाठी? नाही केला तर काय होईल? रोज यावं लागेल का? सोलापूर-बार्शी सत्तरेक किलोमीटर, रोजची ये-जा थकलेल्या जिवाला सोपी नाही. काही आजारांत कमी दिवसांचं रेडिएशन देता येतं. हाडाच्या दुखण्यावर तर कधी कधी एकच डोस पुरतो.

पैशाचं म्हणाल, तर सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंतचं. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. भरती होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनांची मदत करणाऱ्या माणसाला गाठा.

आणि वेदना सोसायला लावू नका. मॉर्फिनच्या गोळीला लोक घाबरतात, 'व्यसन लागेल' म्हणतात. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरल्या डोसात ती घेतली, तर ही भीती बाळगायचं कारण नाही. वेदना कमी करणारी ही सेवा, पॅलिएटिव्ह केअर, पहिल्या दिवसापासून इलाजासोबत चालू शकते. ती मागून घ्या.

पाहुण्यांचे फोन येतील, "इतक्यात हात टेकले?" म्हणून. तेव्हा वाद घालत बसू नका. फोन आजीच्या हातात द्या, तिचं तिला बोलू द्या.