तुटलेल्या नमुन्याचे वाचन

अध्यक्ष महोदय, सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

उद्यमबागेतील ओतकाम पाहत वाढलेल्या बेळगावकराला हे सांगावे लागत नाही की, धातू कितीही चांगला असला तरी साच्यात हवा कोंडली तर कास्टिंग वाया जाते. नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळलेल्या पॉलिमर संमिश्रांच्या चाचणीकडे मी याच नजरेने पाहतो. म्हणून माझे विद्यार्थी नमुना ओढून तोडणाऱ्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशिनजवळ जाण्याआधी बरेच दिवस मिसळणे आणि ओतणेच शिकतात.

सिलिकाचे कण २० नॅनोमीटर व्यासाचे असतील, तर एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सुमारे १३६ चौरस मीटर भरतो. म्हणजे १०० ग्रॅम इपॉक्सी राळेत २ ग्रॅम सिलिका घातली, की त्या राळेला अडीच गुंठ्यांहून अधिक क्षेत्र भिजवायचे असते. खानापूर, निपाणीकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांना हा हिशेब चटकन उमगतो. राळ आणि कण यांची पकड या विशाल पृष्ठभागामुळेच वाढू शकते, पण त्याच्यामुळेच कण एकमेकांनाही चिकटतात आणि पिठल्यात होतात तशा, बाहेरून ओल्या व आतून कोरड्या गुठळ्या बनतात. भार आला की ताण गुठळीपाशी एकवटतो आणि चीर तेथून सुटते.

ताणचाचणीच्या एएसटीएम डी ६३८ या प्रमाणानुसार, म्हणजे ठरवून दिलेल्या चाचणी-पद्धतीनुसार, पहिल्या प्रकारचा डंबेल-नमुना १६५ मिलिमीटर लांब आणि मधल्या भागात १३ मिलिमीटर रुंद असतो. चाचणीपूर्वी तो २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत किमान ४० तास ठेवावा लागतो. आपल्याकडच्या आषाढात, भिंतीही ओलावतात तेव्हा, ही अट नुसती औपचारिकता राहत नाही. शिवाय विकृती, म्हणजे नमुना किती ताणला गेला ते, थेट नमुन्यावर बसवलेल्या एक्स्टेन्सोमीटरनेच मोजावी. जबड्यांच्या सरकण्यावरून मोजली तर नमुन्याचे निसटणे आणि यंत्राचे स्वतःचे ताणले जाणेही तीत मिसळते व मापांक, म्हणजे पदार्थाचा ताठपणा, खोटा कमी दिसतो.

प्रमाण किमान पाच नमुने मागते, आणि खरे शिक्षण येथे सुरू होते. ताकदीचे चार आकडे जवळजवळ येतात, पाचवा बराच खाली जातो, आणि विद्यार्थी तो हळूच वगळू पाहतो. उघड दोषावर तुटलेला नमुना बाद करण्याची मुभा प्रमाणात आहे खरी, पण दोष हाच अभ्यासाचा विषय असेल तर ती लागू होत नाही. आणि कण नीट विखुरले की नाही हेच शोधायला आपण बसलो असू, तर गुठळीला अपवाद कसे म्हणावे? म्हणून प्रत्येक नमुन्यावर ओतण्याचा क्रमांक घालायचा, दोन्ही तुकडे जपायचे आणि तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, असा आमचा शिरस्ता आहे. इपॉक्सीत चिरेच्या उगमाभोवती आरशासारखा गुळगुळीत पट्टा दिसतो, त्यापुढे पृष्ठभाग खडबडीत होत जातो.

एका गटाने असे तुकडे क्रमाने मांडले, तेव्हा ताकदीत कमी भरलेला नमुना सर्वांत शेवटी ओतलेला निघाला; हार्डनर, म्हणजे राळ घट्ट करणारे रसायन, पडलेली राळ तोवर घट्ट होऊ लागली होती आणि बुडबुडे आतच अडकले होते. पुढच्या खेपेस त्या मुलांनी राळ दोन भांड्यांत विभागली आणि पहिले भांडे रिकामे होईपर्यंत दुसऱ्यात हार्डनर घातलाच नाही.