४८ म्हणजे ४८!

२२ डिसेंबर १९५५. स्वीडनमधलं लुंड. मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलाय जो हिन चियो, मूळचा जावा बेटावरचा, नोकरी स्पेनमध्ये आणि सुट्टीत इथे येऊन काम करणारा. काचपट्टीवर माणसाच्या गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी. गुणसूत्रं मोजली, ४६. दुसरी पेशी घेतली, पुन्हा ४६. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, २३ जोड्या, शाळेतली पोरं पण सांगतात. पण तेव्हाच्या पुस्तकांत छापलेलं होतं ४८, आणि तेही तीसेक वर्षं!

हा आकडा टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांचा. मोठा माणूस, आणि काम खरंच अवघड होतं बरं का, तेव्हा ऊतीचे पातळ काप करून बघायचे आणि त्यात गुणसूत्रं एकावर एक पडलेली, म्हणजे वाटीतल्या शिजलेल्या शेवया न हलवता मोजा म्हटल्यासारखं. १९२१ ला त्यांनी स्वतःच लिहिलेलं की सगळ्यात स्वच्छ दिसलेल्या पेशींत ४६ च आहेत. १९२३ ला मात्र ठरवलं, ४८.

चूक कुणाचीही होते हो. खरी गंमत पुढे आहे. १९५२ मध्ये टेक्सासमध्येच टी. सी. शू हे संशोधक काम करत त्या लॅबमध्ये एक द्रावण चुकून जास्त पातळ झालं, त्यात पेशी फुगल्या आणि गुणसूत्रं छान सुटी सुटी झाली. आता मोजायला काय अडचण? तरी शू यांनी लिहिलं काय, तर ४८.

आणि कहर म्हणजे चियोच्या शोधाच्या थोडंच आधी स्वीडनमधल्याच काही संशोधकांनी गर्भाच्या यकृतातल्या पेशी तपासल्या होत्या, त्यांना सारखे ४६ च मिळायचे, तर त्यांनी चक्क काम गुंडाळून ठेवलं, का तर उरलेली दोन सापडेनात! म्हणजे समोर दिसतंय ते चूक आणि पुस्तकातलं बरोबर.

चियो आणि लुंडमधले त्याचे सहकारी अल्बर्ट लेव्हान यांनी पेशींचे फोटो काढले, मोजले आणि १९५६ मध्ये ४६ छापून टाकलं. मग तीनच वर्षांत पॅरिसमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रं सापडली, एक जास्तीचं. ४८ धरून बसलेल्यांनी तेच बघितलं असतं तर म्हणाले असते, एक कमी आहे.