मी खाली उभा आहे

(दृश्य : शनिवारची संध्याकाळ. लालबागमधली गल्ली. एका खोलीचं अर्धं वर केलेलं शटर, बाहेर चपलांचा ढीग.)

आधीच सांगून ठेवतो, या फिल्ममध्ये चेहरे दिसणार नाहीत. हात दिसतील, चपला दिसतील, फार तर कोणाची तरी पाठ. मानसिक आजार असलेल्या माणसांना सोबत करणाऱ्या या संस्थेचं नावही आम्ही घेणार नाही. त्यांची तीच अट होती. या भागात एकदा पत्ता कळला की शनिवारी तिथे कोण कोण जातं हे कळायला दुसरा शनिवार लागत नाही. मग कोणाच्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटतं, कोणाची वॉचमनची नोकरी जाते.

संस्था म्हणजे तरी काय? नोंदणी आहे, पावतीपुस्तक आहे, एक लोखंडी कपाट आहे. जागा गणेशोत्सव मंडळाची. मखराचं सामान आत आलं की महिनाभर बैठक शेजारच्या बालवाडीच्या व्हरांड्यात.

(दृश्य : चहा ओतणारे हात. अगदी जवळून.)

ग्लासाकडे बघा. अर्धाच भरलाय. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी हात थरथरतात. काठोकाठ भरलेला ग्लास दिला की चहा सांडतो, शर्टावर डाग पडतो आणि माणूस पुढच्या शनिवारी फिरकत नाही. म्हणून इथे सगळ्यांनाच कटिंग, डॉक्टरांनासुद्धा. मुंबईत कटिंग प्यायला कारण लागत नाही, त्यामुळे कोणाला आपल्यासाठी काही वेगळं केलंय असं वाटत नाही. ही युक्ती चहा करणाऱ्या मावशींची.

मावशींचे यजमान गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते मुंबईत सगळ्यांना पाठ आहे. घरात बसलेल्या माणसांचं काय झालं, ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक. मावशी सांगतात, "आमचे हे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. जायचे कुठे, तर राणीच्या बागेत. बाकावर बसून डबा खायचे, संध्याकाळी घरी. मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पण डबा रोज भरत होते मी."

पुढे दारू आली. दारूच्या आधी जे होतं त्याला डिप्रेशन म्हणतात हे मावशींना कळलं तेव्हा यजमानांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

(दृश्य : भिंत. खडूने लिहिलेला मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेली-मानसचा नंबर : 14416.)

आपल्याकडे या आजाराला शब्द भरपूर. डोक्यावर परिणाम झालाय. सटकलाय. बाहेरचं आहे. आणि मुंबईचा खास, "याला ठाण्याला पाठवा रे." ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. सव्वाशे वर्षांत त्या गावाचं नाव नाक्यावरच्या चेष्टेत पार रुळून गेलं. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था काढली आणि मनाच्या डॉक्टरकडे साधा ताणतणाव घेऊनही जाता येतं, हे लोकांच्या हळूहळू गळी उतरवलं. चेष्टा मात्र चालूच आहे. आमच्या कॅमेरामनने पहिल्याच दिवशी केली. मग गप्प बसला.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. मुंबईत हे ऐकून जरा नवल वाटतं. महापालिकेची मोठी रुग्णालयं इथे, मनोविकारतज्ज्ञ इथे. मग अडतं कुठे?

(दृश्य : बसच्या सीटवर मांडीवर धरलेली प्लास्टिकची पिशवी. आत घड्या पडलेले कागद.)

अडतं घरापासून ओपीडीपर्यंतच्या वाटेवर. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरत नाही. केसपेपरच्या रांगेत मागचा माणूस ढकलतो. नंबर लागेपर्यंत दुपार होते, म्हणजे घरातल्या एका कमावत्या माणसाचा खाडा. कागदांची पिशवी एकदा घरी विसरली की पुढच्या वेळी जायचाच कंटाळा येतो. त्यात चार महिने गोळ्या घेऊन बरं वाटायला लागलेलं असतं. आता कशाला गोळ्या, म्हणून मनानेच बंद. आजार उलटतो तो बहुतेकदा इथेच.

या संस्थेचं मुख्य काम म्हणून एकाच शब्दात सांगता येतं : सोबत. एक माणूस सकाळी सातला तुमच्या इमारतीखाली येतो. पिशवी तपासतो, रांगेत उभा राहतो. डॉक्टरांसमोर तुम्ही "सगळं ठीक आहे" म्हणालात तर हळूच आठवण करून देतो की गेले आठ दिवस झोप नाही. बस्स. तो समुपदेशक नसतो. कोणी निवृत्त तिकीट तपासनीस आहे, कोणी पोळीभाजी केंद्र चालवणारी ताई.

(दृश्य : खर्चाची वही. बोट ओळीवरून सरकतं.)

वहीत चहा-बिस्किटं आहेत, टॅक्सी आहे, एखाद्या महिन्याच्या गोळ्या आहेत. पण सगळ्यात मोठा खर्च कसला असेल? झेरॉक्सचा! दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचं तर आधार, रेशनकार्ड, जुने केसपेपर, सगळ्याच्या प्रती, त्याही दोन-दोन. खजिनदार काका म्हणतात, आमची अर्धी वर्गणी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. तो आता सवलत देतो.

त्या लोखंडी कपाटात एक जाड फाइल आहे, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची. तिची दोन पानं हाताळून मळली आहेत. एकावर म्हटलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. पोलीस केस होईल या भीतीने डॉक्टरांपासून खरं लपवणाऱ्या घरच्यांना हे पान वाचून दाखवतात. दुसऱ्या पानावर आहे की केवळ कुटुंब घ्यायला तयार नाही म्हणून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. हे पान वाचून दाखवलं की समोरचे नातेवाईक बहुतेक वेळा घड्याळाकडे बघतात. कायदा माणसाला बाहेर आणतो. बाहेर 160 चौरस फुटांची खोली असते आणि तिच्यात सहा माणसं.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा इथेही पेढे वाटले होते म्हणे. पण या खोलीत येणारी माणसं स्वतःच्या घरातच हरवलेली. त्यांना पोचवायचं कुठे?

(दृश्य : जुन्या चाळीची गॅलरी. मग उंच टॉवर, खालून वर.)

चाळीत निदान दार उघडं असायचं. अमक्याचा मुलगा तीन दिवस आंघोळीला उठला नाही, ही बातमी नळावर पोचायची. चघळली जायची, खरंय. पण त्याच गर्दीतली कोणीतरी वाटीभर आमटी घेऊन आत शिरायची. आता पुनर्वसनाचे टॉवर उभे राहिले. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचं न्हाणीघर, लिफ्ट, बंद होणारं दार. त्या दाराचा हेवा मी तरी करीन. मावशींना मात्र त्याची धास्ती वाटते. "आत काय चाललंय, वासही येत नाही," म्हणतात.

(दृश्य : बुधवार, सकाळी सात. टॉवरचं गेट. पाठमोरा तरुण, हातात दोन कटिंग.)

हा तरुण सहा वर्षांपूर्वी स्वतः खोलीबाहेर पडत नव्हता. भिंतीतून आवाज यायचे. ते अजूनही येतात कधीतरी, तो सांगतो, पण आता त्यांच्याशी वाद घालत नाही. गोळ्या चालू आहेत, कुरिअरच्या गोदामात नोकरी आहे, बुधवारी दुपारची पाळी मागून घेतो. आज अकराव्या मजल्यावरच्या एका मुलाला ओपीडीला न्यायचंय. हा चौथा बुधवार. तीनदा मुलगा खाली उतरलेला नाही.

तो मुलाच्या आईला फोन लावतो. "मावशी, मी खाली उभा आहे. घाई नाही. त्याला सांगा, पिशवी नाही सापडली तरी चालेल, झेरॉक्स आहेत माझ्याकडे."

पावणेआठ. एक चहा संपलाय, दुसरा गार झालाय. साडेआठ. वॉचमन त्याला बसायला खुर्ची देतो. केसपेपरची खिडकी बंद व्हायची वेळ जवळ येते, टळते. तो गार चहा पिऊन टाकतो आणि पुन्हा फोन लावतो.

"मावशी, आज राहू द्या. तो दारापर्यंत आला होता का? आला होता? बरं. पुढच्या बुधवारी येतो."