बाळाची सीट हलते का?

नमस्कार श्रोतेहो. साताऱ्यात गेली बावीस वर्षं मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो आणि बसवतो. रेक्झिन, कापड, आतला फोम, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे गाडीत माणसं कशी बसतात, ते माझ्या डोळ्यांसमोर असतं. पुढे बसलेला बेल्ट लावतो. मागे आई बसते, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आज मी त्या बाळासाठी बोलायला आलोय.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीन महिने झाल्यावर तिला सांगलीला पोहोचवायचं ठरलं. सातारा, कराड, पेठ नाका आणि तिथून सांगली, निम्म्याहून जास्त रस्ता हायवेचा. गाडी आमची छोटीच. जावईबापूंनी बेबी सीट आणून दिली होती, म्हणजे गाडीच्या सीटवर पक्की करून बाळाला पट्ट्यांनी बांधायची छोटी सीट. लेकीची ओटी भरून झाली, बाळाला काजळाची तीट लागली, आणि माझ्या आईनं हात पुढे केले. "अरे, एवढ्याशा जिवाला त्या खोक्यात कशाला बांधतोस? माझ्या मांडीवर दे. मी काय सोडणार आहे होय तिला?"

आईची माया खोटी नव्हती, पण हिशेब वेगळा आहे. गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि ती आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. त्या क्षणी अंगावर आपल्या वजनाच्या साधारण १४ पट जोर येतो. नात साडेपाच किलोची. म्हणजे हातातून सुटू पाहणारं ते बाळ पाऊणशे किलोच्या वर जाणार. आपल्याकडे साखरेचं पोतं ५० किलोचं असतं. मी आईला विचारलं, "दीड पोतं साखर हातावर झेलशील का गं?" ती म्हणाली, "मग मी बेल्ट लावते, तिलाही त्याच बेल्टात घेते." ते तर त्याहून वाईट. मग मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं आणि ते बेल्ट नि माणूस यांच्यामध्ये चिरडतं. आई गप्प झाली. मग म्हणाली, "बांध. पण नीट बांध."

नीट बांधायला गेलो, तर हुकच सापडेनात. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत मागच्या सीटची पाठ आणि गादी जिथे मिळतात, त्या फटीत लोखंडाचे दोन आडवे दांडे असतात. त्याला आयसोफिक्स म्हणतात. बेबी सीटचे दोन चिमटे त्यावर खटकन बसतात. आमच्या गाडीत ते होते, पण मी स्वतः शिवलेल्या कव्हराखाली गाडले गेले होते. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं. किती गाड्यांचे दांडे मी असे झाकले असतील! तेव्हापासून कव्हर शिवताना आधी त्या फटीत बोटं घालून बघतो आणि तिथे चीर ठेवतो. तुमच्या गाडीला कव्हर असेल तर आज तेवढं बघा. बेल्टची बक्कलं कव्हराखाली दडपली असतील, तर तीही वर काढा. आणि सीटवर वेगळी जाड गादी टाकली असेल तर ती काढूनच बेबी सीट ठेवा. फोम दबतो, आणि घट्ट वाटलेली सीट धक्क्याला सैल पडते.

जुन्या गाडीत आयसोफिक्स नसलं तरी अडत नाही. तीन ठिकाणी धरणाऱ्या बेल्टनंही सीट पक्की बसते, पण बेल्ट कुठून कसा ओवायचा हे सीटवरच्या खुणा बघून करा. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असेल तर बहुतेक सीटवर निळ्या खुणा, पुढे असेल तर लाल. आपल्या गाड्यांचा बेल्ट सावकाश ओढला की सुटत राहतो, झटका बसला तरच अडकतो. म्हणून नुसता ओवून चालत नाही. सीटमध्ये गुडघा टेकवायचा, अंगाचा भार द्यायचा, बेल्ट जेवढा येईल तेवढा ओढायचा आणि सीटवर बेल्ट पकडणारी क्लिप असेल तर त्यात तो अडकवायचा. बक्कल बेबी सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं दाबलं जात नाही ना, तेही बघा, नाहीतर ऐन वेळी ते निसटू शकतं. छोट्या गाडीत आणखी एक अडचण येते, बेल्टच अपुरा पडतो. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला सीट तुमच्या गाडीत लावून दाखवायला सांगा. आणि जुन्या गाडीतल्या मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल, तर बहुतेक सीटना तो चालत नाही.

बसवून झाली की परीक्षा सोपी आहे. जिथून बेल्ट किंवा चिमटा जातो, तिथे सीटला धरून डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. मी त्या दिवशी तीनदा बसवली.

जागा कुठली? डाव्या बाजूची, पुढच्या प्रवाशामागची. बाळाला उतरवताना आपण रस्त्याच्या कडेला असतो, वाहतुकीत नाही. छोट्या गाडीत पाठमोऱ्या, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असलेल्या, सीटला लांबी लागते, पुढची सीट बरीच सरकवावी लागते. तिथे मग उंच माणूस बसवू नका, गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आमच्याकडे लेक मागे बाळाशेजारी बसली, आई तिच्या पलीकडे. पुढची डावी जागा रिकामी ठेवली. बाळाची पाठमोरी सीट पुढे लावायचा विचारही करू नका, तिथे एअरबॅग असते. ती उघडली की थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

पाठमोरीच का, असंही लोक विचारतात. जन्मलेल्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं आणि मान कोवळी. समोरून धडक बसली तर पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकत्र सीटच्या पाठीवर टेकतं. युरोपच्या नव्या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत पाठमोरीच सांगितली आहे, आणि सीटची उंची-वजनाची मर्यादा असेपर्यंत तशी ठेवली तर उत्तमच. तान्ह्या बाळासाठी ती साधारण ४५ अंशात कललेली हवी. जास्त उभी राहिली तर मान छातीवर पडून श्वास अडतो. बऱ्याच सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली पाहिजे. हे बघताना गाडी सपाट जागी उभी करा. किल्ल्याच्या उतारावर ती रेघ चुकीचंच सांगेल.

आता पट्टे. पाठमोऱ्या सीटमध्ये ते बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून आले पाहिजेत. बाळाला दुपट्यात गुंडाळून बसवायचं नाही, पाय मोकळे हवेत, कारण मधलं बक्कल दोन पायांच्या मधून येतं. जाड स्वेटरही आत नको. पट्टे आधी आवळा, मग वरून पांघरूण घाला. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चुणी चिमटीत आली, तर सैल आहे. आमच्या आईनं ही चिमटीची परीक्षा एकदा बघितली आणि लगेच उचलली.

मूल मोठं झालं आणि सीटचं तोंड पुढे केलं, की बेबी सीटच्या पाठीवरून मागे जाणारा टॉप टेदरचा पट्टाही लावा. तो गाडीच्या सीटच्या पाठीमागे किंवा डिकीत त्याच्यासाठी दिलेल्या कडीलाच. हेडरेस्टच्या दांडीला बांधलेला मी पाहिलाय, त्याचा काही उपयोग नाही.

नातेवाइकांकडून जुनी सीट मिळाली तर दोन गोष्टी विचारा. ती कधी अपघातातून गेली होती का, आणि तिची मुदत संपली का. मुदत सीटवर छापलेली किंवा कोरलेली असते. अपघात झालेली सीट बाहेरून चांगली दिसली तरी घेऊ नका. कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमानं १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बेबी सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

आम्ही निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. सीटची धातूची बक्कलं तापली होती, म्हणून आधी हात लावून बघितली आणि ओल्या फडक्यानं पुसली. कराडच्या अलीकडे नात रडायला लागली. आई पट्टा सोडायला वाकली, तशी लेक म्हणाली, "आजी, आधी गाडी थांबू दे." कडेच्या हॉटेलजवळ थांबलो. एवढ्या लहान बाळाला एकसारखं फार वेळ त्या सीटमध्ये ठेवूही नये. बाहेर काढलं, पाजलं, पाठ चोळली, पुन्हा बसवलं. मी चावी फिरवली, तर मागून आवाज आला. "थांब रे जरा." आरशात बघितलं. आईनं बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरला होता, आणि लेकीला सांगत होती, "आणखी ओढ. अजून चुणी येतेय."