दोन दारांचा तंबू

मित्रहो, शीतयुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्लिनची भिंत येते, क्युबाकडे निघालेली जहाजे येतात, अण्वस्त्रांचे साठे येतात. आज मात्र मी तुमच्यापुढे एक तंबू उभा करणार आहे. १९५३ च्या ऑक्टोबरात कोरियाच्या निर्लष्करी पट्ट्यात, पानमुनजोमजवळ, असे अनेक तंबू ठोकलेले होते. आत मेजामागे चीनचे किंवा उत्तर कोरियाचे प्रतिनिधी बसत. त्यांच्या बाजूला दुभाषे, पाच तटस्थ राष्ट्रांचे सदस्य आणि विरुद्ध पक्षाचे निरीक्षक असत. भारतीय जवान कोरियन युद्धातल्या एकेका कैद्याला दंडाला धरून आत आणीत. ‘घरी चल, तुझी माणसे वाट पाहताहेत, तुला कोणी शिक्षा करणार नाही’ अशा आशयाचे बोलणे त्याला ऐकवले जाई. बाहेर पडायला दोन दारे होती. एका दारातून गेला तर मायदेश. दुसऱ्यातून गेला तर पुन्हा काटेरी तारांमागची छावणी, आणि पुढे तैवान किंवा दक्षिण कोरिया.

साम्यवादी आणि भांडवलशाही महासत्तांची स्पर्धा कशासाठी होती, हे मला या तंबूत सर्वांत स्पष्ट दिसते. भूप्रदेश हवा होता, तळ हवे होते, हे खरेच आहे. परंतु ‘माणसे आपण होऊन आमची वाट धरतात’ हा दाखला दोन्ही बाजूंना त्याहून अधिक मोलाचा वाटत होता, आणि त्या दाखल्यासाठी जिवंत माणसांची साक्ष काढली जात होती.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या फौजा ३८ अक्षांश ओलांडून दक्षिणेत उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका युद्धात पडली, आणि तिचे सैन्य उत्तरेकडे सरकू लागताच ऑक्टोबरात चीनही उतरला. चीनने आपला इशारा पेकिंगमधील (आजच्या बीजिंगमधील) भारतीय राजदूत सरदार पणिक्कर यांच्यामार्फत आधीच दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. सोव्हिएत संघ कागदोपत्री बाहेर राहिला, तरी त्याचे वैमानिक परक्या खुणा रंगवलेली मिग विमाने उडवीत होते. जुलै १९५१ मध्ये युद्धविरामाच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि पुढच्या वसंतापर्यंत बहुतेक कलमांवर एकमत होत आले. अडले ते एकाच कलमावर: कैद्यांचे करायचे काय?

१९४९ च्या जीनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरी जायला आसुसलेला कैदी होता; घरी जायला नकार देणारा कैदी त्यांनी फारसा कल्पिलेला नव्हता. चीनने आणि उत्तर कोरियाने या कलमाच्या शब्दांवर बोट ठेवले. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन म्हणाले की माणसांना कत्तलीच्या किंवा गुलामीच्या तोंडी देऊन आम्ही युद्धविराम विकत घेणार नाही. १९४५ नंतर सोव्हिएत नागरिकांना बळाने परत धाडल्यावर त्यांचे काय झाले, याची आठवण ताजी होती आणि ट्रुमन यांच्या म्हणण्यात नैतिक बळ होते, हे मी मान्य करतो. मात्र त्याच वेळी हजारो चिनी सैनिक साम्यवादाकडे पाठ फिरवतात, या दृश्याची प्रचारातली किंमतही वॉशिंग्टनला ठाऊक होती. या एका कलमासाठी युद्ध आणखी सव्वा वर्ष चालले. एकेका उघड्या टेकडीसाठी दोन्हीकडची पोरे मरत राहिली, आणि ज्यांच्या इच्छेवरून हा वाद होता ते कैदी कोजे बेटावरच्या आणि दक्षिण कोरियातल्या इतर छावण्यांत बसून होते.

त्या छावण्यांत काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय ‘इच्छा’ या शब्दाचा अर्थ लागत नाही. चिनी कैद्यांपैकी बरेच जण पूर्वी च्यांग काय-शेकच्या, म्हणजे साम्यवाद्यांकडून हरून तैवानला गेलेल्या नेत्याच्या, सैन्यात होते. १९४९ च्या पराभवानंतर ते साम्यवादी फौजेत सामील करून घेतले गेले होते. छावणीच्या आतला कारभार कैद्यांच्याच टोळ्यांच्या हाती होता. काही कोंडवाड्यांत साम्यवाद्यांचे राज्य होते. मे १९५२ मध्ये त्यांनी कोजेच्या खुद्द छावणीप्रमुखाला, एका अमेरिकन ब्रिगेडियर जनरलला, पकडून तीन दिवस डांबून ठेवले. इतर कोंडवाड्यांत साम्यवादविरोधकांचे राज्य होते, आणि तिथे कैद्यांच्या अंगावर ‘साम्यवादाला विरोध, रशियाला प्रतिकार’ अशा घोषणा गोंदल्या गेल्या. कोणी राजीखुशीने गोंदवून घेतल्या, कोणाला धरून गोंदले. दंडावर अशी अक्षरे घेऊन माणूस चीनला परत जाणार कसा? सुई टोचली गेली त्याच दिवशी त्याचा निर्णय झालेला होता. तंबूत त्याला प्रश्न विचारला गेला तो नंतर.

ही कोंडी फोडण्यासाठी भारताने संयुक्त राष्ट्रांत ठराव मांडला. आपले तिथले प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. सोव्हिएत प्रतिनिधी व्हिशिन्स्की त्यांच्यावर तुटून पडले. तरी ३ डिसेंबर १९५२ रोजी आमसभेने तो संमत केला. मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला आणि वाटाघाटींचा गाडा हलला. जूनमध्ये ठरले की घरी न जाऊ इच्छिणारे कैदी पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाच्या ताब्यात द्यायचे: स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षपदी भारत. पहारा एकट्या भारताचा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना हे इतके अमान्य होते की त्यांनी छावण्यांचे दरवाजे उघडून सुमारे २७,००० कोरियन कैदी परस्पर सोडून दिले, आणि भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही असे बजावले. म्हणून आपले सुमारे ६,००० जवान इंचॉनच्या समुद्रात जहाजांवरून हेलिकॉप्टरमध्ये बसले आणि दक्षिण कोरियाच्या जमिनीवरून उडत थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरले.

आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या, आणि पहारा देणाऱ्या फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशाच्या अराकानातल्या कांगॉच्या लढाईत या दोघांनी एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणींचे नेतृत्व केले होते. तिथे शत्रू समोर होता. इथे गोळी न झाडता २२,६०४ संतप्त, भेदरलेल्या माणसांना सांभाळायचे होते. सुरुवातीलाच चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला कोंडवाड्यात ओढून नेले. थोरात शस्त्र न घेता आत शिरले, त्या जमावाशी बोलले आणि त्याला सोडवून आणले. दरवेळी असे जमले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी तारा तोडू पाहणाऱ्या कैद्यांवर गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले. तटस्थतेला कुंपणावर बसणे म्हणून हिणवणारे अनेक आहेत. त्यांनी या कुंपणाशी उभ्या असलेल्या जवानांचा हिवाळा आठवावा.

तंबूतली समजावणी नव्वद दिवस चालायची होती. प्रत्यक्षात ती मोजकेच दिवस झाली. कैदी कोंडवाड्याबाहेर यायला नकार देत, आत आले की घोषणा देत, खुर्च्या फेकत. सुमारे ३,००० जणांपर्यंतच प्रश्न पोहोचला, आणि मायदेशाच्या दाराने गेले ते अगदी थोडे. आयोगही दुभंगला. टोळ्यांच्या धाकामुळे कैद्यांना मोकळेपणाने निवड करता आली नाही, असे भारत, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाने लिहिले. स्वीडन आणि स्वित्झर्लंडने वेगळा अहवाल दिला. भारताने खऱ्याला खरे म्हटले, असे माझे मत आहे, जरी त्यामुळे आपल्यावर पक्षपाताचा शिक्का बसला. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्या पक्षाने पकडले होते त्याच्याच ताब्यात परत दिले, तेव्हा पेकिंगनेही आपल्याला दोष दिला.

१४,००० हून अधिक चिनी कैदी तैवानला गेले आणि तिथे त्यांचे वीरांसारखे स्वागत झाले. त्यांतल्या अनेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. सुमारे ७,००० चिनी कैदी त्याआधीच मायदेशी परतले होते. जिवंत हाती लागलात कसे, या संशयाखाली त्यांनी पुढची वर्षे काढली. उत्तरेने पकडलेल्या २१ अमेरिकन आणि १ ब्रिटिश सैनिकाने घरी जाण्यास नकार दिला, आणि अमेरिकेत त्याची कारणे शोधण्यात वर्षे गेली.

आणखी ८८ जण होते, कोरियन आणि चिनी. त्यांना दोन्ही दारे नको होती. कोणत्या तरी तटस्थ देशात पाठवा, असे ते म्हणत राहिले. त्यांना घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा भारतीय जवान परतीच्या जहाजांवर चढले त्या वेळी हेही त्यांच्याबरोबर चढले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये मद्रासच्या बंदरात उतरले. त्यांतले बरेच जण पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले. काही भारतातच राहिले.