शहरात शंभरामागे किती? ठाण्याच्या संदर्भात मधुमेहाची मोजणी

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, मधुमेह शहरात किती जणांना आहे, एवढ्या एकाच प्रश्नावर आज मी बोलणार आहे. या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येते, पण तो आकडा कसा काढला हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. म्हणून माझा बराचसा वेळ आकड्यांच्या पोटात शिरण्यात जाईल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने झालेल्या या पाहणीत १,१३,०४३ व्यक्तींना घरोघरी जाऊन तपासले गेले. वीस वर्षांवरील ११.४ टक्के भारतीयांना मधुमेह असल्याचे तीत आढळले. खेड्यांत हे प्रमाण ८.९ टक्के होते आणि शहरांत १६.४ टक्के. म्हणजे शहरात दर सहा प्रौढांमागे एक. या सभागृहात आज अंदाजे तीनशे श्रोते आहेत. त्या हिशेबाने पन्नास जण होतात, आणि आपल्यातील बहुतेकांचे वय चाळिशीच्या पुढचे असल्यामुळे प्रत्यक्ष संख्या त्याहून मोठी असण्याचीच शक्यता आहे.

आता याच पाहणीतला महाराष्ट्राचा आकडा घ्या. आपल्या राज्याची तपासणी पहिल्याच टप्प्यात झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली आले. तेव्हा महाराष्ट्राच्या शहरी भागात १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के मधुमेह आढळला होता. ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाखांच्या थोडी वर होती. त्यातील बारा लाख लोक वीस वर्षांवरचे होते असे धरले, तर राज्याच्या त्या जुन्या दराने एक लाख तीस हजार आणि देशाच्या शहरी दराने जवळजवळ दोन लाख मधुमेही निघतात. ही मोजणी नव्हे, केवळ गुणाकार आहे. पण मुंब्र्यापासून कासारवडवलीपर्यंत पसरलेल्या या शहरात किती मोठ्या जमावाविषयी आपण बोलत आहोत, याची कल्पना त्यावरून यावी.

मधुमेह वाढतो आहे असे आपण सारेच म्हणतो. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेल्या देशव्यापी पाहणीत शहरी प्रमाण २.१ टक्के होते. सहा महानगरांत केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते १२.१ टक्के आले. त्यातही हैदराबादेत १६.६ आणि आपल्या शेजारच्या मुंबईत ९.३, म्हणजे सहांत सर्वांत कमी. हे आकडे एका ओळीत मांडले की सरळ चढती रेघ दिसते. वाढ खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु या पाहण्यांत वयाची मर्यादा वेगवेगळी होती आणि रोग ठरवण्याचे निकषही वेगळे होते. उपाशीपोटी रक्तातल्या साखरेची रेषा पूर्वी १४० वर (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम) होती, ती १९९७ साली १२६ वर आणली गेली. रेषा खाली सरकली की तिच्यावर सापडणारी माणसे वाढतात, त्यांच्या रक्तात काहीही बदल झालेला नसला तरी.

दुसरी गोष्ट समजून घ्यायला आपले तलाव उपयोगी पडतात. मासुंदा तलावातले पाणी किती आहे हे दोन गोष्टींवर ठरते : किती पाणी येते आणि किती जाते. समाजातल्या मधुमेहाचे प्रमाण म्हणजे ही पाण्याची पातळी आहे. दरवर्षी नव्याने मधुमेह होणारे लोक तिच्यात भर घालतात आणि मृत्यू पावणारे तिच्यातून कमी होतात. आज औषधे मिळतात, इन्सुलिन मिळते, हृदयविकाराचा झटका आलेला माणूस वाचतो आणि मधुमेह घेऊन पुढे वीस-पंचवीस वर्षे जगतो, त्यामुळे पातळी चढते. पातळीतला हा भाग चांगल्या उपचारांचा आहे, आणि त्याविषयी आपण समाधानच मानले पाहिजे. चिंता करायची ती नव्याने येणाऱ्या पाण्याची, विशेषतः तिशी-पस्तिशीत येणाऱ्या पाण्याची.

आता मला ज्या मुद्द्यावर रेंगाळायचे आहे तिथे येते. ‘इंडियाब’च्या पंधरा राज्यांच्या निष्कर्षांत, जे २०१७ साली आले, मधुमेह सापडलेल्या लोकांपैकी ४७.३ टक्के लोकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाच नव्हती. म्हणजे दवाखान्यांच्या नोंदींवरून किंवा ‘तुम्हाला शुगर आहे का?’ असे विचारून केलेली मोजणी सुमारे निम्म्यावरच थांबते. उरलेल्यांना काही दुखत नाही. रात्री दोनदा उठावे लागते ते पाणी जास्त प्यायल्याने, थकवा येतो तो लोकलच्या गर्दीने, चष्म्याचा नंबर बदलला तो वयाने, असे प्रत्येक खुणेला घरात उत्तर तयार असते. मधल्या काळात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा झिजत राहतात.

वागळे इस्टेटीलगतच्या वस्तीत मी गेली अनेक वर्षे रुग्ण तपासते, आणि काही वर्षांपूर्वी घरोघर फिरून साखर तपासण्याच्या एका उपक्रमातही मी होते. त्यात जे शिकले ते पुस्तकात मिळाले नसते. आम्ही सकाळी दहाला निघायचो. दारे उघडत ती आजी-आजोबांची किंवा घरी असलेल्या सुनांची. पस्तीस ते पन्नास वयाचे पुरुष कामावर गेलेले, आणि धुणीभांडी किंवा पोळी-भाजीच्या कामाला जाणाऱ्या बायकाही बाहेर. बंद दारांची मोजणी केली नाही तर आपण वस्तीचा आकडा म्हणून जो लिहितो, तो फक्त घरी सापडलेल्यांचा असतो. मग आम्ही रविवारी सकाळी सात वाजता जाऊ लागलो. ‘काही खाल्लंय का?’ असे विचारले की उत्तर यायचे, ‘नाही हो डॉक्टर, फक्त चहा घेतला.’ साखर घातलेला, दुधाचा, बरोबर दोन बिस्किटे. चहाला आपल्याकडे कोणी खाणे मानत नाही, आणि त्यात त्या माणसाची काहीच चूक नाही. प्रश्न आम्ही नीट विचारत नव्हतो. त्यानंतर आम्ही विचारू लागलो की रात्रीच्या जेवणानंतर पाण्याखेरीज तोंडात काय काय गेले.

गृहसंकुलांतल्या शिबिरांचे उलटे असते. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात शिबिर लावले की प्रथम येतात ते ज्यांना आपला मधुमेह आधीच माहीत आहे, कारण त्यांना साखर फुकट मोजून हवी असते. अशा शिबिरातून तीस टक्के, चाळीस टक्के असे आकडे निघतात आणि ते भीतीदायक बातमी म्हणून पसरतात. ते प्रमाण त्या संकुलाचे नसते, त्या रांगेचे असते.

तपासणी कोणती, यावरही उत्तर बदलते. केवळ उपाशीपोटी साखर पाहिली तर काही मधुमेही निसटतात, कारण त्यांची साखर जेवणानंतरच चढते. म्हणून पाहणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात, आणि तेव्हा २०० किंवा अधिक आली तर मधुमेह म्हणतात. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी सोयीची आहे, उपाशी राहावे लागत नाही. पण लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या बाईत ती खोटी जास्त येऊ शकते, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तिच्या एकट्या आकड्यावरून एखाद्या स्त्रीला मधुमेही ठरवताना मी नेहमी थांबते.

हा श्रीमंतांचा आजार आहे, ही समजूत आपण आता सोडून द्यायला हवी. देशभरात एकूण पाहिले तर तो अजूनही सुस्थितीतल्या लोकांत जास्त आहे. परंतु २०१७ च्या त्याच निष्कर्षांत महाराष्ट्र, तमिळनाडू आणि चंदीगड यांच्या शहरी भागांत चित्र उलटले होते, तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांत प्रमाण अधिक होते. माझ्या खोलीत जे रुग्ण येतात त्यांत रिक्षाचालक आहेत, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत, शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या बायका आहेत. दिवसाचे पहिले पोटभर अन्न म्हणजे वडापाव, दुसरे म्हणजे रात्री दहाचा भात, आणि त्यामध्ये पाच-सहा गोड चहा. सकाळी उपवनाला किंवा येऊरच्या पायथ्याशी फिरायला जाणाऱ्यांत हे लोक दिसत नाहीत, कारण त्या वेळी ते पाळी संपवून झोपलेले असतात किंवा पाळीवर निघालेले असतात. त्यांना ‘चाला’ एवढेच सांगून पाठवणे मला फार अपुरे वाटते.

बारीक दिसणाऱ्यांनाही हा रोग का होतो, याचा उलगडा करण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मोलाचे आहे. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप अधिक सांगते.

साखर ‘बॉर्डरला’ असलेल्यांचा एक वेगळा गट आहे, देशात १५.३ टक्क्यांचा. हा गट निवांत असतो, आणि निवांत राहण्यासारखे त्यात काही नाही. चेन्नईला झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा ५३१ व्यक्तींचा तीन वर्षे पाठपुरावा केला गेला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचा आहार आणि व्यायाम सतत पाठपुरावा करून बदलला त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी देऊनही साधारण तेवढाच फायदा झाला.

चेन्नईच्याच डॉ. मोहन यांनी २००५ साली तयार केलेली गुणांची पद्धत मी शेवटी करून दाखवते. रक्त लागत नाही. माजिवड्याचा बेचाळीस वर्षांचा एक कारकून घ्या. पस्तीस ते एकोणपन्नास वयाचे २० गुण. कंबर ९४ सेंटिमीटर, पुरुषात ९० ते ९९ ला १० गुण. स्त्रियांत ही पायरी ८० पासून सुरू होते. बैठे काम आणि व्यायाम नाही, याचे ३०. आई मधुमेही, याचे १०. दोघेही असते तर २० धरले असते. बेरीज ७०, आणि ६० किंवा अधिक म्हणजे मोठा धोका. हा माणूस म्हणेल की माझी पँट तर चौतिसाची आहे. ती पोटाच्या खाली बसते. मोजायचे ते शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. त्याचे वय आणि आई बदलत नाहीत, तिथले ३० राहणारच. तो नियमित व्यायाम करू लागला तर ३० चे २० होतात आणि बेरीज साठावर येते. कंबर नव्वदच्या आत आली तर पन्नासावर.

दाराजवळच्या टेबलावर टेप आणि गुणांचे कागद ठेवले आहेत. ज्यांचे साठ किंवा अधिक भरतील त्यांनी उपाशीपोटी आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची, अशा दोन्ही साखरा याच महिन्यात तपासून घ्याव्यात. एक कागद घरीही न्यावा, कारण तिशी ओलांडलेली तुमची मुले आज इथे आलेली नाहीत.