आखाताशी मैत्री आणि रावेरची केळी

श्रोतेहो, नमस्कार. आखाती देशांशी भारताचे नाते गेल्या दहाएक वर्षांत नव्याने बांधले गेले आहे आणि आजचे बोलणे त्याविषयी आहे. एके काळी तिथल्या कित्येक बाजारपेठांत आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. पुढे तिकडे तेलाचा पैसा वाढला आणि आपली लाखो माणसे पोटासाठी तिकडे गेली, तरीही १९८१ मधील इंदिरा गांधींच्या भेटीनंतर ३४ वर्षे भारताचा एकही पंतप्रधान संयुक्त अरब अमिरातीत गेला नाही. तो खंड २०१५ साली मोडला. त्यानंतर १ मे २०२२ पासून अमिरातीशी सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार लागू झाला. आपल्याकडे करार म्हटला की हस्तांदोलनाचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि कलमे कोणीच वाचत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

तेलावरचे अवलंबन कमी करण्याच्या खटपटीत असलेल्या या देशांना खाण्याचा बहुतेक माल बाहेरून आणावा लागतो, आणि इथेच आपल्या जळगाव जिल्ह्याचा संबंध येतो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ साली रावेर तालुक्यातील तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला रवाना झाली.

आता रावेरकडच्या एका पॅकहाउसमधला प्रसंग सांगतो. तो मी बऱ्याच ठिकाणी सांगितला आहे. ज्यांनी ऐकला असेल त्यांनी पुन्हा ऐकावा. घडाच्या फण्या कापून तुरटीच्या पाण्यात चीक धुतला जात होता आणि आखातातील खरेदीदाराचा एक तरुण तपासनीस फणीमागून फणी बाजूला काढत होता. बागेचे मालक, सत्तरीचे एक बाबा, शेजारी उभे राहून हे पाहत होते. शेवटी न राहवून त्यांनी घरून आणलेली पिकलेली केळी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाले, "भाऊ, आधी खाऊन तर पाहा, मग बाजूला काढा." तपासनिसाने दोन केळी खाल्ली, मनापासून वाखाणली, हात पुसले आणि पुढचीही फणी बाजूलाच ठेवली. तिच्यावर पानाच्या घासणीचा बोटभर ओरखडा होता. बाबा चिडले. "गोडीला काही किंमत आहे की नाही?" तपासनीस शांतपणे म्हणाला, "बाबा, तिथल्या दुकानात गिऱ्हाईक चव घेत नाही, साल पाहतं. आणि तुमच्या फणीशेजारी फिलिपिन्सची फणी ठेवलेली असते." बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "मग हा ओरखडा घड लहान असताना टाळायचा कसा?" पुढचा तासभर त्या दोघांचे घडावर चढवायच्या पिशव्या, झाडाला द्यायचा आधार आणि तोडणीच्या वेळी गाडीत अंथरायचा फोम एवढ्यावरच बोलणे चालले होते. बाजूला काढलेला माल संध्याकाळी 'वापसी'च्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या पडत्या भावाने गेला, हेही सांगायला हवे.

सांगायचे एवढेच, करार दार उघडून देतो. आत शिरायचे ते फणीनेच. कच्ची केळी १३ ते १४ अंश तापमानातच न्यावी लागते, त्याखाली साल काळवंडते. म्हणजे तोडणीपासून न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंत गारवा कुठेही तुटून चालत नाही. आपल्याकडे तो नेमका बागेपासून पहिल्या शीतगृहापर्यंतच्या वाटेत तुटतो. म्हणून माझे मत असे, की आखातातील आपल्या दूतावासांत व्यापाराचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा, तोडणी जोरात असताना, एखाद्या पॅकहाउसच्या टेबलाशी दिवसभर उभे राहावे. भुसावळहून रावेरला रेल्वे आहे.